भिंतीचा अंगरखा

भिंतीला कान असतात असे आपण म्हणतो. तिला तोंड नाही हे आपले भाग्यच. पण तिला अंगही असते, ते कधी गार पडते, कधी घामेजते, कधी त्याला ओल धरते, हे मात्र पोपडे सुटून गादीवर पडेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. मग दिवाळीच्या तोंडावर रंगाचा डबा येतो, आणि आजारी माणसाला पावडर लावून पाहुण्यांसमोर बसवावे तशी ती बिचारी रंगवून उभी केली जाते.

अलीकडे या भिंतीला लाकडाचा अंगरखा घालण्याची हौस घरोघर दिसू लागली आहे. एका परीने ही हौस जुनीच. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यासमोर उभे राहून ते सागवानी कोरीवकाम ज्याने पाहिले असेल, त्याला लाकडाची श्रीमंती काय असते हे सांगायला नको. मात्र त्या वेळी लाकूड ही नुसती शोभा नव्हती. खांब, तुळया, कडीपाट यांवर घर उभे असे, आणि मातीविटांची भिंत त्यांच्या आधाराने राही. म्हणून तर १८२८ साली शनिवारवाड्याला आग लागली तेव्हा लाकडाबरोबर सारे वैभवच गेले. आता उलटे झाले आहे. सिमेंटची भिंत स्वतःच्या पायावर उभी असते आणि लाकूड तिला टेकून बसते.

आमचा वाडा नारायण पेठेत होता. ‘होता’ म्हणायची सवय व्हायला आम्हाला वेळ लागला, आणि माझ्या वडिलांना ती अजून झालेली नाही. वाडा पाडून तिथे इमारत झाली आणि चौथ्या मजल्यावर आम्हाला तीन खोल्या मिळाल्या. वाड्याचे लाकूड जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेले. अण्णांनी त्या व्यवहारात एका कागदावरही हरकत घेतली नाही. एकच गोष्ट मागितली : माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली फळ्यांची पडदी. अकरा फळ्या होत्या, सागाच्या, इंचभर जाडीच्या. तीन वर्षे त्या मामांच्या गावी गोठ्याच्या माळ्यावर पडून राहिल्या. अण्णाही नव्या घरात तसेच राहिले. बाहेरून येताना ते ‘घरी चाललो’ असे म्हणत नसत, ‘वर चाललो’ म्हणत.

गेल्या वर्षी बाहेरच्या खोलीची एक भिंत लाकडाने सजवायची असे हिच्या मनाने घेतले. आम्ही दुकानांतून हिंडलो. उभ्या पन्हाळीसारख्या पट्ट्या पाहिल्या. त्यांतल्या निम्म्या प्लॅस्टिकच्या होत्या आणि लाकडाचे नुसते सोंग आणून बसल्या होत्या. लाकडाचा भुसा दाबून केलेले तक्ते पाहिले. ते दिसायला गुळगुळीत, पण कडेने पाणी प्याले की भिजल्या पोळीसारखे फुगतात; आणि ज्या गोंदात भुसा बांधतात त्यातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू महिनोन्‌महिने थोडाथोडा सुटत राहतो. त्यातही कमी वायू सोडणारे तक्ते मिळतात, पण ते आपण होऊन मागावे लागतात. प्लायवूडवर सागाचा पातळ पापुद्रा डकवलेला माल मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटला. दुकानदार भाव सांगत असता ही एकदम म्हणाली, “अहो, आपल्या फळ्या आहेत की!” दुकानदाराने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती अजून आठवते.

फळ्या आल्या, आणि मिस्त्री आले. हे मिस्त्री मूळचे वाईचे. वयाने साठीपुढचे, बोलायला कमी आणि मापाला पक्के. आल्याबरोबर त्यांनी फळ्यांकडे पाहिले नाही. भिंतीवर तळहात ठेवला. “सर, पलीकडे काय आहे?” पलीकडे न्हाणीघर असते तर ते त्याच पावली परत गेले असते. आमची भिंत खोल्यांच्या मधली निघाली. तरीही त्यांनी दोन फूट लांबरुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवला आणि दोन दिवसांनी येतो म्हणून सांगून गेले. भिंतीत ओल असेल तर त्या प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव धरते. आमचे प्लॅस्टिक कोरडे राहिले. इतकी साधी परीक्षा! अशी एखादी माणसांसाठीही असती तर लग्ने जुळवणाऱ्यांचे किती श्रम वाचले असते.

मग फळ्या पंधरा दिवस खोलीतच आडव्या रचून ठेवल्या. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये लहान काड्या, वारा खेळावा म्हणून. “शंभर वर्षांच्या लाकडाला आता काय वाळायचे राहिले?” असे मी विचारले. मिस्त्री म्हणाले, “लाकूड म्हातारे होते, पण श्वास घ्यायचे सोडत नाही.” यात काव्य नव्हते, व्यवहार होता. लाकूड हवेतला दमटपणा घेते आणि सोडते. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, पण आडवे फुगते आणि आकसते. आमच्या नऊ इंची फळीला पुण्याचा एप्रिल आणि पुण्याचा जुलै यांमध्ये दीडदोन मिलिमीटरांचा फरक पडू शकतो. अकरा फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून ठोकल्या तर पावसाळ्यात त्या पोट फुगवून भिंतीपासून सुटतात. म्हणून एकीच्या कडेला खाच, दुसरीच्या कडेला जीभ, आणि दोघींमध्ये थोडी मोकळीक.

फळ्यांची एक बाजू स्वयंपाकघराकडची होती. तिच्यावर हिरव्या तैलरंगाचे थर होते. मिस्त्री ते घासायला निघाले तेव्हा हिने हात धरला. जुन्या तैलरंगांत शिसे असायचे, आणि कोरड्या घासणीने त्याची पूड घरभर होते. लहान मुलांना ती फार वाईट. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत नव्वद भागांची मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. तेव्हा सुटलेले पोपडे तेवढे गच्चीवर पाणी मारून खरवडले, बाकीच्यावर एक बंद करणारा हात दिला, आणि ती बाजू भिंतीकडे करायचे ठरले.

माजघराकडची बाजू कधीच रंगवलेली नव्हती. तिच्यावर एक रेघ होती. अकराच्या अकरा फळ्यांवर एका पातळीत, जणू ओळंबा आणि गुण्या लावून ओढलेली. रेघेवर लाकूड तेलकट, तांबूस; रेघेखाली राखी आणि खरखरीत. मिस्त्री रंध्याचे पाते बसवीत म्हणाले, “एक सूत रंधले की साफ.” एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. इंची फळीला तो काही जड नव्हता.

अण्णा तोवर आपल्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. ते उठले, फळीपाशी आले आणि रंध्याच्या वाटेत हात ठेवून उभे राहिले. बोलले काहीच नाहीत.

१२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले, आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. अण्णा त्या वेळी नऊ वर्षांचे होते. आजीने पोरांना हाताला धरून पर्वतीची वाट धरली. परत आले तेव्हा मागच्या सोप्याच्या मातीच्या भिंती बसल्या होत्या आणि ही पडदी मात्र उभी होती, गाळाने माखलेली. आजीने अण्णांना तिच्याशी उभे केले. रेघ त्यांच्या डोक्यावर दोन बोटे होती. पुढे दर दिवाळीला वाड्याची सारी लाकडे धुतली, पुसली, तेलावली जात. पण रेघेखालच्या भागाला आजीने कधी तेलाचा बोळा लावू दिला नाही. कारण कोणी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

“भिंत मळकी दिसेल,” असे ही हळूच म्हणाली. पण ती माझ्याकडे पाहून म्हणाली, अण्णांकडे पाहून नव्हे, एवढ्यावरून तिचाही निकाल झाला आहे हे मी ओळखले. मिस्त्रींनी रंधा पिशवीत ठेवला आणि तारेच्या नव्हे, साध्या केसांच्या ब्रशाने फळ्या झाडायला घेतल्या. नंतर त्यांनी एकच प्रश्न विचारला : “रेघ जमिनीपासून किती होती?” फळ्यांची खालची पाच इंच टोके वाड्याच्या ओलीत कुजून गेली होती, ती कापल्याशिवाय गत्यंतर नव्हते. कापून फळ्या जमिनीवर टेकल्या असत्या तर रेघ पाच इंच खाली आली असती. मिस्त्रींनी फळ्या वर उचलल्या आणि खाली नव्या सागाची साधी पट्टी बसवली. रेघ जिथे होती तिथेच राहिली. चौथ्या मजल्यावर पूर आला होता की काय, असे एका पाहुण्यांनी विचारलेही!

बसवण्याची रीत सांगून ठेवतो, कोणाला उपयोगी पडेल. भिंतीवर दोन-दोन फुटांवर आडव्या पट्ट्या स्क्रूने घट्ट केल्या. त्यांना मधून मधून खाचा ठेवल्या, म्हणजे फळ्यांमागे हवा वरखाली फिरते. गोंदाचा थेंब वापरला नाही. उद्या मागे वाळवी लागली तर फळी उघडून पाहता आली पाहिजे. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, पण नव्या पट्ट्यांना आणि कडेच्या पांढरट लाकडाला तो मान नाही. खाली फरशीपासून अर्धा इंच जागा सोडली, पोछ्याचे पाणी लागू नये म्हणून. शेवटी रेघेवरच्या भागाला जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला. तेलाचे बोळे मिस्त्रींनी गोळा करून कोपऱ्यात टाकले नाहीत, गच्चीवर पसरून वाळवले. जवसाच्या तेलाचा चुरगळलेला बोळा आतल्या आत तापून आपोआप पेटतो. घरात पणत्या लागण्याच्या दिवसांत हे विशेष लक्षात ठेवावे.

यापुढची निगा म्हणजे बहुतेक काही न करणे. ओले फडके नको, रॉकेल नको, बाजारातले चकचकीत फवारे नकोत. कोरड्या मऊ कापडाने उभ्या शिरांच्या दिशेने धूळ पुसावी. पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या आधी खालच्या फटीत दिवा धरून मातीच्या नळ्या दिसतात का ते पाहावे. एप्रिलमध्ये फळ्यांमध्ये बारीक फटी दिसल्या तर त्या लांबीने बुजवू नयेत. जुलैत त्या आपल्या आपण मिटतात.

हे पुसण्याचे काम अण्णांनी कोणी न सांगता आपल्याकडे घेतले आहे. खालचा भाग ते हाताने पुसतात, वरच्या भागाला हात पोचवताना खांदा दुखतो. यंदा दिवाळीची साफसफाई चालली असता त्यांनी माझ्या मुलीला हाक मारली आणि फळ्यांना पाठ लावून उभे केले. तिला दहावे सरून महिना झाला होता. रेघ तिच्या कानाशी आली. अण्णांनी दोनदा वाकून पाहिले, मग हातातले फडके तिला दिले.

“आता वरची धूळ तू पुसायची,” ते म्हणाले.