हळदीचा आवाज

आमच्या अंबरनाथ पट्ट्यात आगरी घरात लग्न निघालं की आवाज ठरलेलाच. माझ्या लहानपणी हळदीच्या मांडवात धवलारीण बसायची, धवले गायची. मागून बायका सूर धरायच्या. म्हातारे ओटीवर घोरत, पोरं आयांच्या मांडीवर गाढ. त्या गाण्यानं कुणाची झोप मोडली, असं कधी ऐकलं नाही.

आता भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. एका अंगाला एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला लोकल. त्या आवाजाची सवय होते म्हणतात. पण हळदीचा डीजे लागला की मांडणीवरची भांडी थरथरतात, छातीत धडधडतं.

माझी आई ऐंशीला टेकलेली. लग्नसराईत ती पार बदलते. "मना झोप नाय रं लागत," एवढंच म्हणते. चहा समोर निवून जातो, सुनेवर उगाच खेकसते, भर दुपारी दार वाजलं तरी दचकते. लोक म्हणतात, वय झालं. पण पाऊस लागला, लग्नं थांबली की तीच आई नातवंडांना गोष्टी सांगत बसते. वय काय पावसाळ्यात कमी होतं?

कानाला पापणी नसते. माणूस जागा झाला नाही तरी आवाजानं काळजाचे ठोके वाढतात, गाढ झोप उडते. अशा रात्री साठल्या की चिडचिड, धास्ती, उदासी येते. अमेरिकेत ग्लास आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या सुमारास एक प्रयोग केला. काहींना आवाज बंद करायचं बटण दिलं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही, तरी पुढचं काम त्यांना बटण नसलेल्यांपेक्षा बरं जमलं. आवाज थांबवणं आपल्या हातात आहे, एवढ्यानंही मनाला आधार मिळतो. धवलारणीला "बाय, जरा थांब" म्हणता यायचं. डीजेला कोण म्हणणार?

तसं बटण कायद्यानं दिलंय. 2000 च्या नियमांत रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे, वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. पण भावकीच्या हळदीत पोलिसांना फोन कोण करतो? पुढं तोंड दाखवायचं असतं. ते बटण यजमानानंच दाबायला हवं.

गेल्या वैशाखात पुतण्याची हळद होती. आईनं मांडवातच सांगितलं, "धा वाजता बंद करा. मंग धवला घ्या." पोरं रुसली, दोघं-तिघं न जेवता गेली. पण दहाला डीजे थांबला. धवले पुरते येणारी एकच म्हातारी उरलीय. आई तिच्या शेजारी बसली, चार ओळी म्हणाली आणि भिंतीला टेकून तिथंच झोपी गेली.