रकान्यात न बसणाऱ्या गोष्टी

बाळ घरी आलं की त्याच्यामागोमाग कागदपत्रं येतात. ठमीच्या माता-बाल संरक्षण कार्डात लशींच्या तारखा होत्या, वजनाचा हिरव्या-पिवळ्या-केशरी पट्ट्यांचा आलेख होता आणि कोणत्या वयात बाळाने काय करायला हवं त्याची चित्रं होती. मी हिशेब खात्यातला माणूस. रकाना दिसला की तो भरायचा, एवढंच मला कळतं. त्यात समोरच्या काकू जिन्यात भेटल्या की विचारणार, "मान धरली का? पालथी पडते का? आमचा तर या वयात..." पुढचं ऐकायला मी थांबत नसे.

पण ज्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटावेत म्हणून उतावीळ झालो होतो, त्या दिवसाचं चित्र त्या कार्डात नव्हतंच. त्या दिवशी ठमीने आपली आपण ढेकर दिली. ज्यांच्या घरी तान्हं मूल नाही त्यांना यातलं मोठेपण कळणार नाही. दुधाबरोबर पोटात गेलेली हवा बाहेर काढण्यासाठी रात्री दोन-अडीचला बाळाला खांद्यावर टाकून, पाठ थोपटत हॉलमध्ये येरझाऱ्या घालाव्या लागतात. ढेकर आली नाही की दूधच बाहेर येतं, तेही आपल्या पाठीवर. आणि एके दिवशी ती दुपट्यावर बसल्या बसल्या, एखाद्या तृप्त आजोबांनी द्यावी तशी खणखणीत ढेकर देऊन मोकळी झाली. बायको आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. सासूबाई म्हणाल्या, "अहो, त्यात काय एवढं? सगळ्याच देतात." त्यांनी चार मुलं वाढवली आहेत, त्यांचं चालतं.

मग चमचा पाडणं सुरू झालं. वरणभाताच्या वेळी ती चमचा उचलायची, हात खुर्चीच्या बाहेर न्यायची, सोडायची आणि वाकून बघायची. मी उचलून द्यायचा, की पुन्हा तेच. आईचं मत पडलं, "लाडावलीय." माझी धाकटी बहीण मानसशास्त्र शिकवते. तिला फोन केला तर ती खूशच झाली. म्हणाली, "दादा, धरायला ती जन्मापासून शिकलेली आहे. तळहाताला बोट लावलं की तान्हं मूलही मूठ आवळतं. मनात येईल तेव्हा सोडणं मात्र बऱ्याच उशिरा जमतं." मग तिने झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. हे गृहस्थ आपल्या तिन्ही मुलांकडे बघून वह्या भरत. त्यांचा लोरां दहा महिन्यांचा असताना उताणा पडून सेल्युलॉइडचा हंस, डबी, असं हाताला येईल ते खाली टाकत होता. कधी हात वर नेऊन, कधी बाजूला करून, म्हणजे दर वेळी जागा बदलून. वस्तू कशी आणि कुठे पडते याचा तो शोध घेत होता, असं पियाजेंनी लिहिलं. तेव्हापासून मी ठमीचा प्रयोगशाळेतला शिपाई म्हणून कामाला लागलो. फरशी पुसण्याचं कामही त्यातच आलं. चमचे नेमके कोण उचलत होतं, याची नोंद पियाजेंनी कुठे केली असेल तर ती मला वाचायची आहे.

पण माझी खरी तारांबळ उडाली ती बिस्किटाच्या वेळी. चोखून लगदा झालेलं बिस्किट ठमीने माझ्या तोंडासमोर धरलं. कन्येने देऊ केलेला पहिला घास! मी मन घट्ट करून तोंड उघडलं. तिने हात झटकन मागे घेतला आणि खिदळली. पुन्हा पुढे केला, पुन्हा मागे. सरळसरळ चेष्टा चालली होती माझी. जेमतेम चार दात आलेल्या, अजून धड उभंही न राहता येणाऱ्या प्राण्याने मला चक्क मामा बनवलं होतं. बहीण म्हणाली, इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या वासुदेवी रेड्डी यांनी याच प्रकाराचा अभ्यास केला आहे. वस्तू देऊ करून मागे घेण्याची खोडी मुलं पहिल्या वाढदिवसाच्या आधीच करू लागतात. समोरच्याची काहीतरी अपेक्षा आहे हे उमगल्याशिवाय ती मोडण्यात मजा कशी येणार?

मला हे फार पटलं. बसणं, रांगणं, उभं राहणं बाळ रिकाम्या खोलीतही करेल. खोडी काढायला मात्र समोर माणूस लागतो. आणि तो माणूस मी होतो! काकूंच्या नातवाने नवव्या महिन्यात पाऊल टाकलं असेल तर टाकू दे.

चूळ भरण्याबद्दल फार लिहीत नाही. बरेच दिवस ती पाणी गिळत होती, एक दिवस थुंकली. माझा शर्ट इस्त्रीचा होता. तरी टाळ्या वाजवल्या.

आता ती अडीच वर्षांची आहे आणि गेल्या आठवड्यात ती पहिल्यांदा खोटं बोलली. बहिणीने पुन्हा दाखला दिला, तो थेट चार्ल्स डार्विनचा. आपल्या थोरल्या मुलाच्या बाळपणी ठेवलेल्या टिपणांवरून त्याने 1877 साली 'माइंड' या नियतकालिकात लेख लिहिला. त्यात हा मुलगा साधारण ठमीच्याच वयाचा असताना जेवणघरातून बाहेर येताना सापडतो, अंगावरचं एप्रन नीट गुंडाळून धरलेलं. आत काही नाही म्हणतो, वर बापालाच जा म्हणून सांगतो. उलगडून बघितलं तर लोणच्याच्या रसाचे डाग. डार्विनने त्याला विचारपूर्वक केलेली लबाडी म्हटलं आहे.

आमच्याकडे लोणच्याऐवजी लाडू होता. डबा उघडा, ठमीच्या हनुवटीला बेसन, मिशीला तूप.

"लाडू कोणी खाल्ला?"

तिने क्षणभर विचार केला. "काऊने."

दोन वर्षं तिला काऊचा घास, चिऊचा घास करत भरवलं, त्याचं हे फळ. खिडकी बंद होती. मी ती दाखवली. "मग काऊ आत कसा आला?"

"दालातून." दाराकडे बोटही केलं.

बायको हसू दाबत ओट्याकडे वळली. सासूबाई म्हणाल्या, "आत्ताच रागवा, नाहीतर सवय लागेल." त्यांचंही बरोबर असेल. मी शक्य तेवढा गंभीर चेहरा केला आणि काऊने असं न विचारता लाडू घ्यायचा नसतो, असं सांगायला सुरुवात केली. ठमीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि हात पुढे केला.

"काऊला अजून एक पायजे."