काटवनांतील सातभाई

परळीस येणारा यात्रेकरू बहुधा अहल्याबाई होळकरांनीं जीर्णोद्धार केलेलें वैद्यनाथाचें मंदिर पाहून परततो. भोंवतालच्या बालाघाटाच्या टेकड्या, त्यांवरील बोरी, बाभळी व तरवडाच्या जाळ्या त्यास पाहण्याजोग्या वाटत नाहींत. लोकांच्या बोलण्यांत ती सारी जमीन ‘पडीक’ असते. परंतु सकाळीं कोसभर चालण्याची तयारी ठेवल्यास जाळीच्या बुडाशीं वाळला पाला उलटापालटा करून किडे टिपणारा पाखरांचा एक गलबलाट करणारा घोळका हटकून भेटतो. नांव विचारावें, तर वाटसरू सांगतो : सातभाई.

या एका नांवाखालीं निरनिराळ्या जाती नांदतात, आणि त्या निवडण्यांत खरी गंमत आहे. पाखरें उडूं द्यावीं व शेंपटीकडे पाहावें. तिच्या दोन्ही कडा पांढऱ्या चमकल्या, तर तो मोठा करडा सातभाई. हा अकरा इंच भरतो. सन १८३२ मध्यें कर्नल साइक्स यांनीं दख्खनच्या पक्ष्यांचें वर्णन करितांना यास मुंबईचे माजी गव्हर्नर माल्कम यांचें नांव दिलें. हा बहुमान कीं थट्टा, हें पाखराचा कलकलाट ऐकणाऱ्यानें ठरवावें! शेंपटींत पांढरें नाहीं, अंग सडपातळ आणि पाठीवर गडद रेघा असल्या, तर तो साधा सातभाई. हा नऊ इंचांचा. उडण्याचा त्यास कंटाळा, उंदरासारखा सुळ्ळकन या जाळींतून त्या जाळींत पळतो. आमराईंत वावरणारा मातकट, फिकट डोळ्यांचा रानसातभाई याहून वेगळा.

परळी हैदराबाद संस्थानांत होती त्या काळीं, १९३१-३२ मध्यें, सालिम अली यांनीं त्या संस्थानच्या पक्ष्यांची पाहणी केली. तेव्हांपासून शास्त्र पुढें गेलें, जाळ्या मात्र सरपणासाठीं व शेतासाठीं तुटतच आहेत.

सातभाईंचें कुटुंब एकत्र असतें. पिलें एका जोडप्याचीं, पण त्यांस भरविण्यास घोळक्यांतील इतरही धांवतात. या ममतेचा फायदा घेतो चातक. पावसाबरोबर आलेली चातकाची मादी साध्या सातभाईच्या घरट्यांत अंडें घालते. तेंही यजमानाच्या अंड्यासारखेंच निळें. ज्याच्या हांकेकडे शेतकरी कान लावून बसतो, त्या चातकाचें पिलूं अशा कांटेरी झुडपांत, सातभाईंच्या चोंचींतील अळ्यांवर वाढतें. पडीक म्हणून जाळी तोडली, कीं सातभाईंबरोबर त्याचेंही घर जातें.