मुठेत सोडलेला सकर

2016 साली मुलाच्या हट्टापायी आम्ही दोन फुटांची माशांची टाकी घेतली. गोल्डफिश घेतले, मॉली घेतल्या. दुकानदार म्हणाला, "सकर टाका. काचेवरचं शेवाळ खातो, टाकी साफ राहते." बोटाएवढे दोन सकर घेतले. ते किती वाढतात हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

शेवाळ दोन महिन्यांत संपलं. मग हे दोघे बाकीच्यांचं खाणं खाऊ लागले. एक बारकाच राहिला, दुसरा दोन-अडीच वर्षांत वीतभराच्या वर गेला. त्याला टाकीत धड वळता येईना. रात्री शेपटी आपटून फिल्टर पाडायचा. एका गोल्डफिशच्या कुशीवरचे खवले गेलेले दिसले. हा रात्री त्याला चिकटत होता.

दुकानात फोन केला. "मोठा झालेला परत घेत नाही," म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "जीव आहे, मारू नकोस. नदीत सोड." मलाही पटलं. खरं सांगायचं तर मला सुटका हवी होती, जीवदयेचं नाव सोयीचं पडलं.

एका रविवारी सकाळी बादली घेऊन मुठेच्या घाटावर गेले. पाणी काळं, वास मारणारं. यात हा जगेल ना, एवढीच काळजी वाटली. तो बुडी मारून दिसेनासा झाला. मी हात जोडून घरी आले.

2022 च्या जानेवारीत रोहित पक्षी बघायला भिगवणला गेलो. उजनीच्या काठावर एक मच्छीमार दादा जाळं सोडवत बसले होते. टोपलीत चिलापी होती. बाजूला मातीत आठ-दहा काळे, खरबरीत मासे टाकलेले. मी लगेच ओळखले. एकाचं तोंड अजून हलत होतं.

"सकाळपासनं पडलाय, ताई. लवकर मरत न्हाय," दादा म्हणाले. "ह्याला गिऱ्हाईक न्हाय. काटं जाळ्यात अडकलं की जाळंच कापावं लागतंय."

"आले कुठून हे?" मी विचारलं.

"पुण्याकडनं म्हणत्यात. लोक पाळत्यात आन् सोडत्यात."

मुलगा माझ्याकडे बघत होता. मी काही बोलले नाही.

घरी येऊन वाचायला बसले. सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, त्यामुळे इथले मासे त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून ती वापरतो. म्हणजे मुठेच्या पाण्याची मला वाटलेली काळजी फुकट होती. अंडी घालायला काठात बिळं करतो, त्याने काठ ढासळतात. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला आणि भीमा उजनीत येते. माझाच मासा तिथवर पोचला असं मी म्हणणार नाही. पण बादली घेऊन जाणारी मी एकटी नव्हते, एवढं कळलं.

घरचा दुसरा सकरही एव्हाना फुटाला टेकला होता. या वेळी दुकानांना फोन करत बसले. तिघांनी नाही म्हटलं. चौथ्याकडे मोठी टाकी होती, तो म्हणाला, "आणून द्या." पैसे त्याने दिले नाहीत, मी मागितले नाहीत.

कुणी टाकी घेणार असेल तर मी आता एवढंच सांगते. मासा घेण्याआधी तो पूर्ण वाढीचा केवढा होतो ते विचारा. सकर फुटाच्याही पुढे जातो, दोन फुटांच्या टाकीत त्याचं काम नाही. नको झाला तर आधी दुकानं, मग मोठी टाकी असलेले हौशी लोक यांना विचारा. कुणीच घेत नसेल तर पशुवैद्याला विचारून लवंगतेलाने त्याला शांत मरण देता येतं. हे ऐकायला जड जातं, मलाही गेलं. पण नदी, तळं, विहीर, कुठेच सोडू नका. लाल कानाच्या पाळीव कासवांनाही हेच लागू.

टाकी अजून आहे. काच आता मुलगा दर रविवारी स्पंजने पुसतो. पाच मिनिटं लागतात.