चेंबरचं पॅकिंग

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. निमित्त आमच्या पद्मिनीचं. गाडी १९७८ची, ह्यांनी सेकंडहँड घेतलेली. हे जाऊन सहा वर्षं झाली, पण महिन्यातून दोनदा तरी मी तिला बाहेर काढतेच. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर बघून नातवंडं हसतात, हसू देत.

तर पावसाळ्यानंतर पार्किंगमध्ये गाडीखाली तेलाचे डाग पडायला लागले. सोसायटीतून दोनदा निरोप आला. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, आता पुरे. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ मध्ये बंद झाल्या." भंगारवाला भाव सांगून गेला. शेवटी ठरलं की इंजिनाचं मोठं काम निघालं तर गाडी द्यायची.

माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. गणितात यथातथाच, पण हात सोन्याचा. (स्वतःच आता साठीचा आहे म्हणा!) त्याने आधी इंजिन बाहेरून धुऊन पुसून घेतलं आणि गाडी चालू ठेवली. "बाई, तेल खाली ठिबकतं म्हणून खालूनच गळतं असं नाही. टॅपेट कव्हरमधून गळालं तरी ओघळ चेंबरवरच येतो." पण वरचा भाग कोरडा राहिला. चेंबरच्या कडेनेच तेल पाझरत होतं. (चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची तेल साठणारी पत्र्याची परात.)

इंजिन गरम असतानाच तेल काढलं, म्हणजे गाळही त्याबरोबर निघतो. मग एकेक बोल्ट सोडून चेंबर खाली घेतलं. आता खरी परीक्षा. तळाच्या गाळात चकाकणारा चुरा दिसला, तर बेअरिंगं झिजली असं समजायचं, म्हणजे मोठा खर्च. त्याने बोटाने गाळ काढून चिमटीत चोळला, उन्हात धरला. मी स्टुलावर बसले होते. एकेकाळी मी याची वही तपासायचे आणि हा समोर उभा असायचा... काळाकुट्ट गाळ होता, पण चमक नव्हती. चुंबक फिरवून पाहिलं, त्यालाही काही चिकटलं नाही.

निघालं ते वेगळंच. तेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर सिलिकॉनचे रबरासारखे तुकडे अडकले होते. मागे दुसरीकडे काम झालं तेव्हा कुणीतरी पॅकिंगला ती पेस्ट भरमसाट फासली होती. जास्तीची आत दाबली जाते, सुटते आणि जाळी बुजवते. जाळी पूर्ण बुजली असती तर बेअरिंगांना तेलच मिळालं नसतं. त्या डागांनी वेळेवर वर्दी दिली म्हणायची.

नवीन पॅकिंग कॉर्कचं, पण दुकानात वर्षानुवर्षं पडून सुकून आखडलेलं. भोकं जुळेनात. त्याने ते कोमट पाण्यात टाकलं. हरभरे भिजवावेत तसं! थोड्या वेळाने पुसून लावलं तर बरोबर बसलं. त्याआधी चेंबरची कड ठोकून सपाट करून घेतली होती. मागच्यांनी बोल्ट इतके आवळले होते की भोकांपाशी पत्रा वर आला होता. त्यामुळे मधल्या जागेत दाब राहत नाही आणि तेल तिथूनच येतं. त्याचा पोऱ्या पाना जोरात फिरवायला लागला तसा हा ओरडला, "अरे, कॉर्क आहे तो! मधून कडेला जा, समोरासमोरचे धर, थोडं थोडं आवळ." वर्गात हा असा बोलला असता तर... असो.

"शंभरेक किलोमीटर झाले की आणा, बाई. बोल्ट बघून घेतो."

गाडीखाली आता पुठ्ठा अंथरलाय. आज चौथा दिवस. समोरच्या बाजूला स्वच्छ आहे. मागे, गिअरबॉक्सखाली, रुपयाएवढा एक ठिपका आहे. मुलाला अजून सांगितलेलं नाही.