खेळण्यांतली खरखर

मुंबईच्या उपनगरांत राहून ज्यास संगीत मुद्रित करावयाचें आहे, त्यानें आधीं रेल्वेचें वेळापत्रक पाठ करावें. भांडुप आणि मुलुंड यांच्या मधोमध २००६ सालीं नाहूरचें स्थानक झालें. धिम्या गाड्या तेथें थांबतात, जलद गाड्या न थांबतां धडधडत निघून जातात. आणि या दोहोंपैकीं अधिक त्रासदायक कोणती, हा आमच्या ताईच्या घरीं चहाच्या वेळचा जुना वाद आहे. त्यांत गोरेगांव-मुलुंड लिंक रोडचे भोंगे निराळेच. अशा घरांत कोणी तंबोरा जुळवून मायक्रोफोनपुढें बसला, तर षड्जाच्या जोडीला मुलुंडकडे निघालेली लोकलही मुद्रित व्हावयाची.

परंतु ताईच्या मुलानें असें एक वाद्य हातीं धरलें आहे कीं, त्यास बाहेरचें कांहींच ऐकूं येत नाहीं. तें म्हणजे निन्टेन्डो कंपनीनें १९८९ सालीं काढलेलें 'गेम बॉय' हें हातांत धरून खेळावयाचें खेळणें. त्यावर गाणीं रचतां यावीं म्हणून जर्मनींतल्या ओलिव्हर विटखोव यांनीं १९९८ सालीं 'नॅनोलूप', आणि स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांनीं २००० सालीं 'लिटल साउंड डीजे' हीं साधनें तयार केलीं. खेळण्यावर कसलें आलें आहे संगीत, असें म्हणून ज्या वाचकांच्या भुवया वर जातील, त्यांस इतकेंच सांगावयाचें कीं, आमच्या घरोघरच्या पेटीलाही १९४० पासून तीन दशकें रेडिओच्या केंद्रांत मज्जाव होता.

येथें मायक्रोफोनचें कामच नाहीं. वायरीचें एक टोक खेळण्यांत, दुसरें संगणकांत. मधल्या वाटेंत रेल्वे शिरूं शकत नाहीं, शेजारचा मिक्सर शिरूं शकत नाहीं. एवढें असूनही भाच्यानें पहिलें गाणें ऐकविलें तेव्हां त्याच्या मागें एक अखंड 'शूं' होतें, आणि त्या 'शूं'च्या आंत बारीक चिरचिर. जगाचा गोंगाट दाराबाहेर ठेवावा, तर यंत्रानें आपला स्वतःचा गोंगाट पुढें करावा!

त्याचें कारण यंत्राच्या पोटांत आहे. पडद्यावरच्या १४४ ओळी सेकंदास जवळजवळ ६० वेळां नव्यानें आंखल्या जातात, आणि त्या तालावर विजेचा ओढा किंचित् कमीजास्त होतो. चार पेन्सिल सेलांची सुमारें ६ व्होल्ट वीज ५ व्होल्टवर आणून देणारी एक चिमुकली पट्टी आंत असते; तीही आपल्यापरी कुरकुरते. आवाज मोठा करणारा भाग याच विजेवर पोसलेला असल्यामुळें तो गाण्याबरोबर पडद्याची कुरकुरही इमानानें मोठी करतो. शिवाय खेळण्याचा अडॅप्टर आणि लॅपटॉपचा चार्जर दोन्ही भिंतींतल्या विजेस जोडलेले असले, म्हणजे ५० आवर्तनांचा घुमारा आयताच मिळतो. हल्लीं हौशी लोक जुना पडदा काढून उजेडाचा नवा पडदा बसवितात. दिसावयास तो सुरेख असतो. कानांस त्याची किंमत मोजावी लागते.

कोणी म्हणेल, खरखर पुसून काढणारीं साधनें संगणकांत आहेत, तीं कां वापरूं नयेत? भाच्यानें तींच प्रथम वापरलीं. अशा साधनास गाणें सुरू होण्यापूर्वींचें दोन-तीन सेकंदांचें नुसतें 'शूं' ऐकवावयाचें. तें त्याची ओळख पटवून घेतें आणि पुढें सर्वत्र तेवढें वजा करीत जातें. हें ऐकावयास न्यायाचें वाटतें, पण या वाद्यापुरता त्यांत मोठाच अन्याय आहे. गेम बॉयला आवाज चार. दोन चौकोनी लाटांचे, तिसरा बत्तीस पायऱ्यांची हवी ती लाट घडविणारा, आणि चौथा निव्वळ खरखरीचा. यंत्र आंतल्या आंत शून्य आणि एक यांचा एक वेडावांकडा क्रम घडवीत असतें. लांब क्रम घेतला तर पावसाच्या सरीसारखी खरखर निघते. आंखूड घेतला तर तोच क्रम दर १२७ पावलांनीं पुन्हां येत असल्यामुळें तिला धातूची धार चढते. ढोल, झांज, टाळी, सारा ताल या एका खरखरीतून काढावयाचा. पुसणाऱ्या साधनास नको असलेलें 'शूं' आणि हवी असलेली झांज यांतला भेद कळत नाहीं. त्यानें घर झाडलें, आणि केराबरोबर तबलजीसही बाहेर काढलें!

आमच्या संगीतास हा प्रकार अगदींच अपरिचित नाहीं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं रेशमाचा दोरा सरकवून जी जवारी लावतात, ती काय आहे? कोऱ्या कानास ती झणझण तारेचा दोषच वाटेल.

तेव्हां उपाय मुळाशीं करावयास हवा, हें ठरलें. अडॅप्टर काढून ताजे सेल घातले. लॅपटॉपही भिंतीपासून सोडविला. घुमारा तत्काळ गेला. मग चारही आवाज निरनिराळे मुद्रित केले, म्हणजे पहिल्या तिघांवर पुसणी चालवावी आणि चौथ्यास हात लावूं नये. युक्ति चांगली, परंतु चार वेळां मुद्रण म्हणजे चार वेळां 'शूं'. तिघांचें पुसलें तरी चौथ्याचें उरतेंच. राहिला एकच मार्ग: यंत्र उघडून, आवाजाच्या चाकाच्याही अलीकडून दोन तारा काढावयाच्या आणि कुरकुर मोठी करणारा तो भाग मधून वगळावयाचा. हे लोक त्यास 'प्रोसाउंड' म्हणतात. त्यानें खरखर कमी होते आणि खर्जही भरदार येतो.

अडचण होती ती ताईची. हें खेळणें तिच्या यजमानांनीं नोकरीच्या दिवसांत दुबईहून आणलें होतें. ते जाऊन आतां सहा वर्षें झालीं. "ते बिघडलें तर दुसरें मिळेल रे, पण तें हें नसेल," एवढेंच ती म्हणाली. भाच्यानें वाद घातला नाहीं. महिनाभर त्यानें लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या मोडक्या रेडिओंवर सोल्डरिंगचा हात बसविला, आणि मग एके रविवारीं ताईनेंच परवानगी दिली. अट एक: डब्याला नवें भोंक पाडावयाचें नाहीं. नव्या तारा जुन्याच जॅकला जोडावयाच्या.

तीन पाकळ्यांचे ते स्क्रू निघाले तेव्हां ताई स्वयंपाकघरांत गेली ती बाहेर आलीच नाहीं. काम दीड तासांत झालें. आतां आवाजाचें चाक फिरविलें तरी वायरींतल्या आवाजांत फरक पडत नाहीं. तें नुसतें फिरतें. 'शूं' मात्र इतकें खालीं गेलें आहे कीं, तें शोधावें लागतें.

रात्रीं भाच्यानें नवें मुद्रण आईस ऐकविलें. तिनें हेडफोन नीट बसविले, डोळे मिटले, आणि जरा वेळानें विचारलें, "सगळें स्वच्छ आहे रे, पण हें मागें चुरचुर चुरचुर काय वाजतंय?"

"ती झांज आहे, आई."

"असूं दे मग," ताई म्हणाली, आणि तिनें तें पुन्हां पहिल्यापासून लावावयास सांगितलें.