शक्यतो रोज

जपानी व्याकरणात एक गृहस्थ राहतात. पूर्ण नाव 'योओ नि शिते इमास'. लोणावळा लोकलने पुण्याला जपानीच्या वर्गाला निघालेल्या तळेगाव-कामशेतच्या मुलांच्या मांडीवर 'मिन्ना नो निहोंगो'चं दुसरं पुस्तक उघडं असतं. त्यातल्या ३६व्या धड्यात त्यांची गाठ पडते.

बसायची जागा वाक्याच्या अगदी शेवटी. मराठी क्रियापदही तिथेच बसतं, त्यामुळे त्यांच्यासाठी आपल्याला वाक्य उलटंपालटं करावं लागत नाही. आधी मूळ क्रियापद, होकारी किंवा नकारी, आणि मागोमाग हे. 'माइनिचि आरुकु योओ नि शिते इमास.' रोज चालतो. म्हणजे चालायचा प्रयत्न असतो, बहुतेकदा जमतं, एखाद्या दिवशी राहून जातं. मराठीत एवढं सगळं आपण 'शक्यतो' या एका शब्दावर भागवतो. जपानीतही 'नारुबेकु' आहे, पण तो सोबत नसला तरी गृहस्थांचं अडत नाही.

मावळातल्या जुलैच्या पावसात अशा माणसाचा फार आधार. आणि लोणावळ्यात राहून 'चिक्की ओ ताबेनाइ योओ नि शिते इमास', चिक्की खायची टाळतो, असं कुणी म्हणालं आणि त्याच्या खिशात शेंगदाण्याचा तुकडा सापडला, तरी त्याचं वाक्य खोटं पडत नाही.

त्यांना दोन भाऊ. थोरले 'कोतो नि शिते इमास', करारी. एकदा ठरवलं की तो घरचा नियम. धाकटे 'योओ नि नारिमाशिता', भाग्यवान. पूर्वी पोहता येत नव्हतं, आता येतं, एवढंच सांगतात. मधल्या दमछाकीचा उल्लेखही नाही. ती सगळी मधल्याच्या, म्हणजे आमच्या गृहस्थांच्या, वाट्याला.

दुसऱ्याला काही सांगायचं असेल तेव्हा ते 'योओ नि शिते कुदासाइ' असे नरमाईने येतात. 'वेळेवर या' नव्हे, 'वेळेवर येत जा'. मराठीतला हा 'येत जा', 'करत जा' म्हणजे त्यांचा इथला जवळचा नातलगच. म्हणून जेवताना 'जरा मीठ द्या' म्हणायला त्यांना बोलावून उपयोग नाही. एका क्षणाच्या कामाला ते येत नाहीत, सवयीचं काम लागतं.

सवयीचं काम म्हटलं की लोणावळ्यात योग आठवतो. इथेच स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली. योगाचा जो आधारग्रंथ, त्या योगसूत्रांत पतंजलींनी अभ्यासाची व्याख्याच 'स्थिर राहण्यासाठी केलेला यत्न' अशा अर्थाची केली आहे. इथवर दोघांचं जमतं. पण पतंजली पुढे अटी घालतात: दीर्घकाळ, खंड न पडता, आदराने. खंडाचा विषय निघाला की आमचे गृहस्थ खिडकीबाहेर बघू लागतात. योगी व्हायचं असेल तर पतंजलींचंच ऐकावं. पण सातची लोकल, कामाची पाळी आणि घर सांभाळून कुणी रोज दहा कांजी अक्षरं गिरवत असेल, तर त्याला हे गृहस्थच परवडतात. आळशी माणूस त्यांच्या आड लपतो, हा दोष मात्र खरा.

त्यावरचा बंदोबस्त त्यांच्या नावातच आहे. शेवटचं 'इमास' म्हणजे काम आधीपासून चालू आहे. ते काढून नुसतं 'योओ नि शिमास' म्हटलं, तर तो आजचा संकल्प होतो. संकल्पाला वाक्य लगेच मिळतं. गृहस्थांना मात्र मागे थोडे दिवस घालवलेले लागतात.

तेव्हा जुलै-डिसेंबरच्या जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेला बसणाऱ्यांनो, उद्यापासून चालायला जाणार असाल तर 'शिमास'वर थांबा. 'शिते इमास' म्हणायला आधी चालून या.